बाळंतपणाला दहा धरून

पहिल्यांदा ‘दोन’ मीच म्हणाले. कुणी माझा गळा धरला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ज्यानं त्यानं मला तेच ऐकवलं.

सकाळी आठला माझं पित्ताशय काढलं. दुर्बिणीतून. म्हणजे पोटाला चार भोकं: एक बेंबीपाशी, एक छातीच्या हाडाखाली आणि दोन उजव्या कुशीत. गर्भारपणात पित्ताचे खडे धरतात म्हणे कितीतरी जणींना. माझे कळले ते लेक पाच महिन्यांची झाल्यावर, आणि ती सात महिन्यांची होईतो मी तीन वेळा रात्र रात्र गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही.

लेकीला आम्ही भोपळू म्हणतो. बघितली की कळतं का ते. भोपळूला बाटली चालत नाही आणि चमचा तर दुष्मन. चमचा जवळ आला की ओठ असे घट्ट मिटते, जणू कुणी लाच द्यायला आलंय. तिला मी लागते. दुपारी चार ते पाच भेटायची वेळ. तेव्हा सासूबाई तिला घेऊन येणार आणि मी तिला पाजणार, एवढं ठरलेलं होतं. पहाटे पाचला पाजून मी घरातून निघाले होते. मधे काढून ठेवलेलं दूध घेतलं तर घेतलं, नाही तर चारपर्यंत कसंबसं रेटायचं. त्या दिवशी मला दुसरं काही नको होतं. चार वाजता तिला उचलून छातीशी धरता येण्याइतपत दुखणं कमी हवं, बस्स.

आदल्या दिवशी तपासणीला आले तेव्हा लहान डॉक्टर माझ्याकडे कागद घेऊन आला होता. लहान म्हणजे वयानं. चेहरा असा की दाढी ठेवूनही शाळेतलाच वाटावा. त्याचा प्रबंध चालला होता. या ऑपरेशननंतर दुखणं कमी करायला दोन औषधं वापरतात, त्यांतलं कुठलं सरस ते बघायचं. एक पॅरासिटामॉलची बाटली, दुसरं सूज उतरवणारं औषध. कुणाला कुठलं, ते बंद पाकिटावरून ठरणार. बाटलीला खाकी कागद गुंडाळलेला, म्हणजे मलाही कळायचं नाही आणि सिस्टरनाही नाही. दर दोन तासांनी सिस्टर विचारणार, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय. आकडा चारच्या वर गेला की दुसरं औषधही लगेच जोडून द्यायचं.

“मी पाजते,” मी म्हणाले.

“माहीत आहे, ताई. दोन्ही औषधं चालतात. चालत नसती तर तुम्हाला विचारलंच नसतं.”

मी सही केली. खरं सांगायचं तर मला ते आवडलंही. मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. खुर्चीत बसलेल्या माणसासमोर एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, ही बरी की ही? दिवसभर माझं तेच चालतं. विचारताना आवाज दोन्हीकडे सारखा ठेवावा लागतो. ‘ही बरी की ही’ म्हणताना दुसऱ्या ‘ही’वर जरा जोर पडला, की माणूस दुसरीच बरी म्हणतो. दिसत नसली तरी म्हणतो. आपल्याला बरं वाटावं म्हणून. पहिल्याच महिन्यात मालकांनी मला हे शिकवलं होतं. ‘तुझ्या तोंडाकडे बघून दिलेल्या नंबरानं त्याचं डोकं वर्षभर दुखेल.’

तर मला हे सगळं ठाऊक होतं. आणि तरीही.

दहाच्या सुमाराला मला वॉर्डात आणलं. घसा कोरडा, पापण्या जड. मोठ्या सिस्टर खाटेशी आल्या. तीस वर्षं नोकरी झालेली बाई. चादर अशी ओढतात की सुरकुतीचीही हिंमत होऊ नये. हातात माझा तक्ता.

“काय गं, जागी आहेस ना? नॉर्मल झालं होतं ना तुझं बाळंतपण?”

“हो.”

“टाके?”

“पाच.”

“मग ऐक. ते बाळंतपण म्हणजे दहा. त्या मानानं आता किती दुखतंय?”

माझ्या डोळ्यांपुढे ते एकोणीस तास आले. लोखंडी कठडा, आणि त्यावर माझे हात. आता पोटात ओढ होती, कुशीत कुणीतरी चिमटा धरून ठेवल्यासारखं होतं. पण त्या मानानं?

“दोन,” मी म्हणाले.

“शाब्बास! अशी पाहिजे बाई.”

आणि मला बरं वाटलं. त्या शाब्बासकीनं मी आतून फुलले, ते अजून आठवतं आणि अजून चीड येते.

बारा वाजता खांदा दुखायला लागला. उजवा. ऑपरेशन पोटाचं आणि खांदा का दुखावा ते कळेना. श्वास घेतला की खांद्याच्या पात्याखाली कुणी सुरी फिरवतंय असं. सिस्टर म्हणाल्या, “पोट फुगवायला हवा भरतात ना आत, ती उरलेली हवा असते. सगळ्यांनाच होतं. बाळंतपणाच्या मानानं किती?”

“तीन.”

“तीन.” लिहिलं.

दोन वाजता त्यांनी मला उठून बसायला लावलं. अर्ध्यावर उठले आणि बेंबीपासून छातीपर्यंत अशी कळ गेली की मी सिस्टरचा हातच धरला. ओरडले नाही. एकोणीस तास न ओरडलेली बाई मी, आता काय ओरडणार?

“किती?”

“साडेतीन. म्हणजे... चारच्या आसपास असेल.”

“अर्धं-बिर्धं नसतं इथे. तीन लिहिते.”

आमच्या दुकानात पाव नंबरसुद्धा असतो. पाव नंबरासाठी आम्ही माणसाला पुन्हा खुर्चीत बसवतो. तिथं खाटेवर मात्र मी गप्प बसले.

शेजारच्या खाटेवर लाँड्रीवाल्या काकू होत्या. स्वतःची लाँड्री, तीस-तीस किलोच्या ओल्या चादरी उचलायचा हात. त्यांचं ऑपरेशन माझ्या आदल्या संध्याकाळी झालेलं. त्यांच्याही पायथ्याशी तोच तक्ता. काल संध्याकाळपासून सगळीकडे एक, एक, दोन, एक. आणि काकूंच्या कपाळावर घाम. सिस्टर पाठमोऱ्या झाल्या की त्या चादरीचा कोपरा दातांत धरायच्या.

“काकू, तुम्हाला एकच दुखतंय?”

“चार पोरं काढलीत गं मी. थोरला तर तीन दिवस अडला होता. आता या एवढ्या एवढ्या भोकांना काय तोंड वर करून दुखतंय म्हणायचं? लाज आहे की नाही?”

“पण दुखतंय ना?”

“ते विचारलं कुठंय त्यांनी,” काकू म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तीनला सिस्टरनी फर्मान काढलं, चाला. चाललं की हवा सरकते. सलाईनचा स्टँड ढकलत, कुबड काढून मी व्हरांड्यात निघाले. समोरून एक बसड्रायव्हर आले. पलीकडच्या पुरुषांच्या वॉर्डातले. सकाळी ऑपरेशनसाठी आम्ही दोघं एकाच बाकावर ताटकळलो होतो. माझ्यानंतर त्यांचा नंबर. तेव्हा बिचारे पांढरेफटक होते. आता ताठ उभे राहून स्टँडला स्टिअरिंगसारखं धरून येत होते.

“बघा वहिनी, नवीन गाडी दिलीय. हॉर्न नाही, ब्रेक नाही. वळणावर जरा जपून!”

“तुम्हाला दुखत नाही?”

“दुखत होतं ना! अकराला त्या बाईंनी विचारलं, मी म्हटलं सहा. लगेच दुसरी बाटली लावली. अर्ध्या तासात माणसात आलो. अहो, मरणारा माणूस आता चहा मागतोय.”

“सहा?” मी म्हणाले. “कशाच्या मानानं सहा?”

“मानानं म्हणजे?”

“म्हणजे दहा कशाला धरायचं सांगितलं?”

“माणसाला कल्पना करता येईल असं सगळ्यात वाईट दुखणं. आता माझी कल्पना बेताचीच. एकदा दारात बोट चेमटलं होतं, ते धरलं आठ.”

“बाळंतपण नाही काढलं त्यांनी?”

“माझं?” ते हसायला लागले. मग टाके ओढले तसे पोट धरून थांबले. आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून हसू पुसलंच गेलं. “तुम्हाला बाळंतपण धरून विचारतात?”

“हो.”

“त्याच बाई? मोठ्या सिस्टर?”

“हो.”

ड्रायव्हरनी स्टँडवरचे हात बदलले. “म्हणजे वहिनी, एकाच रस्त्याला तुमचा मीटर वेगळा लावलाय की. आम्ही बसलो की पळतो, तुमचा जागचा हलत नाही.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती कशी जाते ते मला त्या व्हरांड्यात कळलं. वाटेतल्या चारही भोकांना चटके देत गेली. वाईट म्हणजे ती सगळ्यात आधी माझ्यावरच आली. दिवसभर लोकांना ‘ही बरी की ही’ विचारणारी मी, आणि मला एकच काच दाखवून नंबर काढला तरी मान डोलावली. वर शाब्बासकी घेतली. घेतली कसली, मागून घेतली!

बरोबर चारला सासूबाई आल्या. कडेवर भोपळू, लाल, रडून रडून नाक गळतंय, टोपी एका कानावर. मला बघितलं आणि तिनं दोन्ही हात पसरले. आख्खं अंग पुढे फेकलं. माझा गाउन समोरून भिजला. सात महिने ते तसंच होतंय; ती रडली की माझ्या अंगाला माझ्याआधी कळतं.

“सकाळपासून फक्त दोन घोट गं,” सासूबाई म्हणाल्या. “चमचा माझ्या अंगावर उडवला. घे बाई तुझं रत्न.”

मी हात पुढे केले. आठ किलोचं रत्न. नुसता भार घेतला तर खांद्यातून अशी कळ आली की हात आपोआप खाली गेले. सासूबाईंनी तिला पटकन झेललं. मग कुशीवर वळून पाजायचं ठरवलं. डाव्या कुशीवर वळले, सासूबाईंनी तिला शेजारी ठेवलं, तिनं तोंड लावलं. आणि आनंदानं, फक्त आनंदानं, दोन्ही पाय झाडले. टाचा थेट बेंबीवर.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून भोपळूनं सोडलं आणि माझ्याकडे बघितलं. तिचा खालचा ओठ हळूहळू पुढे आला. तिला वाटलं, मी तिच्यावर ओरडले.

“उचला तिला,” मी म्हणाले. “आई, उचला.”

“अगं, जरा सोस. बाळंतपणात हूं की चूं केलं नव्हतंस. मी जगाला सांगत असते.”

“नका सांगू जगाला! तेव्हाच ओरडले असते तर बरं झालं असतं.”

सासूबाईंनी तिला उचललं. त्यांना लागलं असणार. पण मला तेव्हा कुणाचं काय लागतंय ते मोजायला जागा नव्हती. मी घंटीचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

मोठ्या सिस्टर आल्या. “काय आग लागली का?”

“हो. मला दुसरं औषध हवंय.”

“तुझा आकडा तीन आहे. चारच्या वर—”

“माझा आकडा तुमचा आहे. मला नीट विचारा. पुरुषांच्या वॉर्डात विचारता तसं विचारा.”

वॉर्डातल्या सहाही खाटांवरून माना वळल्या. भोपळूचं रडणं चालूच होतं.

“मी काय वेगळं विचारलं?” सिस्टर म्हणाल्या. “सगळ्यात वाईट दुखणं म्हटलं की बायका नुसत्या तोंडाकडे बघतात. मी सोपं करून सांगते. बाई म्हटली की बाळंतपण तिला कळतं.”

“आणि पुरुषांना?”

“त्यांना काय सांगणार? त्यांना काय माहीत दुखणं म्हणजे काय!”

“म्हणजे त्यांना माहीत नाही म्हणून त्यांना औषध. आणि मला माहीत आहे म्हणून मी कोरडी?”

सिस्टर आवाज चढवून म्हणाल्या, “तीस वर्षं झाली मला. मी कुणाचं वाईट केलं नाही. स्वतः दोन काढलीत मी, आणि दीड महिन्यात ड्युटीवर उभी होते.”

“तुम्हीही तोंड दाबून मार खाल्लात, म्हणून आम्हीही खायचा?”

“डॉक्टरांना बोलावते,” सिस्टर म्हणाल्या. “तूच सांग त्यांना.”

लहान डॉक्टर पळतच आला. गळ्यात नळी, हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट. मी सांगितलं. सांगताना दर दोन शब्दांनी थांबावं लागत होतं, कारण खांदा. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. बिस्कीट खिशात गेलं.

“सिस्टर, कागदावर छापलंय ना, ‘कल्पना करता येईल असं सर्वांत वाईट दुखणं’?”

“छापलंय. छापलेलं बायकांना समजावायला नको?”

“सगळ्याच बायकांना असं विचारलं?”

“बाळंत झालेल्यांना. नॉर्मल झालेल्यांना. सिझरवाल्यांना नाही, त्यांना कळा कुठल्या माहीत?”

“अगं बाई, आता सिझरवाल्यांनी काय घोडं मारलं?” सासूबाईंच्या तोंडून निघालं. कोपऱ्यातल्या खाटेवरून कुणीतरी खुसकन हसलं.

“आणि मुलं नसलेल्या?” डॉक्टरनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

“दाढ काढली होती का विचारायचे.”

त्यानं कपाट उघडलं, तक्त्यांचा गठ्ठा काढला आणि माझ्या खाटेच्या कडेवरच टेकून चाळायला लागला. साठ पेशंट. बोटाला थुंकी लावून तो एकेक कागद वळवत होता आणि ओठ हलत होते. “नॉर्मल बाळंत झालेल्या सव्वीस,” तो म्हणाला. मग पुन्हा मोजलं. “सव्वीस.” पुढच्या आठवड्यात त्याला प्रबंध सादर करायचा होता. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला दिसत होतं, आणि मला त्याची दया येण्याची शक्यता होती. म्हणूनच जास्त राग आला. माझी लेक चार हातांवर भुकेली रडत होती आणि हा कागद मोजत होता.

“आधी औषध,” मी म्हणाले. “मग रडा काय रडायचं ते.”

“हो. हो, सॉरी.” त्यानं तक्ता घेतला. छापलेलं वाक्य तो शब्दन् शब्द वाचत गेला. एकाही शब्दावर जोर नव्हता. माझ्या मालकांनी त्याला कामावर ठेवलं असतं. “शून्य ते दहामध्ये, किती?”

“सात.”

म्हटल्यावर मला स्वतःलाच नवल वाटलं. सात! दिवसभर मी हे घेऊन तीन-तीन करत होते.

सिस्टरनी दुसरी बाटली लावली. त्यांचे हात नेहमीसारखेच नेमके होते, फक्त माझ्याकडे बघत नव्हत्या. सासूबाई भोपळूला घेऊन व्हरांड्यात गेल्या. तिचं रडणं लांब जायचं, जवळ यायचं, परत लांब. मी थेंब मोजत पडले होते.

लहान डॉक्टर मात्र हलला नाही. “ताई, एक विचारू? तुमच्या तक्त्यात आधीचे आकडे तसेच राहू देऊ ना? सात हा... म्हणजे दुपारी चारनंतरचा वेगळा धरता येईल. बाकीच्यांचं आता काय करणार? शेवटी दुखणं ज्याचं त्याचं वेगळंच असतं. आकडे ते आकडे.”

“आणि निकाल काय लिहिणार? बायकांना दुसऱ्या औषधाची गरज कमी पडते?”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“लिहून झालंय,” मी म्हणाले. “हो ना? ते वाक्य लिहून झालंय तुमचं.”

“मसुदा आहे फक्त,” तो पुटपुटला.

मला उठून बसता आलं असतं तर मी बसले असते. “मग ऐका. तो मसुदा उद्या छापला जाईल. तो वाचून कुठलातरी तुमच्यासारखाच भला माणूस ठरवेल, की बायकांच्या खाटेशी दुसरी बाटली ठेवायलाच नको. त्या सोसतात. त्यांना कमीच दुखतं, आकडेच सांगतात. सव्वीस जणी चादरी चावत घरी गेल्या आणि तुम्ही त्यांच्याकडून पुरावा घेतलात, की बघा, काही झालं नाही!”

“पण आता मी काय करू?”

“माझ्या तक्त्यावर लिहा, मला काय विचारलं होतं ते. दोनच्या शेजारी लिहा, तीनच्या शेजारी लिहा. बाळंतपणाला दहा धरून दोन. बाळंतपणाला दहा धरून तीन. आणि मग सात.”

“ताई, चौकोनात एकच आकडा बसतो.”

“मग चौकोन मोठा काढा!”

त्यानं पेन काढलं. टोपण उघडलं, पुन्हा लावलं. प्रबंधाला मार्गदर्शन करणारे मोठे डॉक्टर, पुढचा आठवडा, साठ कागद, सगळं त्या टोपणात अडकलं होतं. एवढ्यात बाटली तपासायला आलेल्या मोठ्या सिस्टरनी त्याच्या हातातून तक्ता घेतला. ओढलाच म्हणा ना.

“खाली सही माझी आहे,” त्या म्हणाल्या. “विचारलंय मी, तर लिहीनही मीच. तुम्ही त्या सव्वीस बाहेर काढा.”

“सिस्टर, तुमच्यावर येईल हे.”

“येऊ दे की. पुसून टाकलं तर जाणार आहे का?”

मला वाटलं होतं, त्यांनी असं काही केलं तर माझा राग निवेल. निवला नाही. त्या टेबलाशी उभ्या राहून माझ्या तक्त्याच्या समासात बारीक, सुबक अक्षरात लिहीत होत्या आणि मी मनात म्हणत होते, फार उशीर केलात. त्या सव्वीस जणींचं दुखून झालं. त्यांना आता कुठली बाटली लावणार?

पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की सव्वीसजणी सगळ्याच घरी गेलेल्या नव्हत्या.

“काकूंना विचारा,” मी म्हणाले.

काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. “मला नका मधे घेऊ गं पोरी. मी बरी आहे. उद्या सकाळी सोडतायत मला. दुकान बंद पडलंय.”

लहान डॉक्टर स्टूल घेऊन त्यांच्याजवळ बसला. छापलेलं वाक्य वाचलं. काकूंनी मान वळवली, पण त्याच्याकडे बघितलंच नाही. त्याच्या खांद्यावरून मोठ्या सिस्टरकडे बघितलं. इतका वेळ या बाईनं आपल्याला शाब्बास म्हटलंय, तिला आता खोटं कसं पाडायचं, हे मला त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ वाचता आलं. दुकानातल्या खुर्चीत रोज बघते मी ते डोळे.

“दोन,” काकू म्हणाल्या. “लिहा दोन.”

मी काहीतरी कडू बोलणार होते. सिस्टर माझ्याआधी पुढे झाल्या. काकूंच्या खाटेपाशी जाऊन त्यांनी दातांनी ओला झालेला चादरीचा कोपरा हातात घेतला आणि बघितला. किती वेळ बघितला.

“हे काय केलंत हो,” त्या म्हणाल्या. मग अवघडून, पहिल्यांदाच खालच्या आवाजात, “काकू, मी चुकीचं विचारत होते. बाळंतपण सोडा. मुलं मोठी झाली तुमची. आत्ता, या मिनिटाला, तुम्हाला किती दुखतंय?”

काकूंनी आकडा सांगितला नाही. त्या तीस किलोच्या चादरी उचलणाऱ्या बाईनं ‘आई गं’ म्हटलं. मोठ्यानं. आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. पुन्हा म्हटलं. लहान डॉक्टर पेन हातात धरून वाट बघत राहिला. यावेळी त्याला घाई नव्हती, एवढं मात्र मी मान्य करीन. सिस्टर आकड्यासाठी थांबल्याच नाहीत, बाटली आणायला गेल्या.

पाच वाजले. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. सासूबाई दारात उभ्या, कडेवर हुंदके देणारी भोपळू. आत यावं की जावं ते कळेना त्यांना.

“या की आत,” सिस्टर जाता जाता म्हणाल्या. “मी कुठे घालवतेय?”

सासूबाईंनी उशी माझ्या पोटावर आडवी ठेवली. “पायांकडे मी बसते,” म्हणाल्या. “मारली लाथ तर मला बसेल.” आणि खरंच त्यांनी दोन्ही इवले तळवे आपल्या मुठीत धरले. मी हात पुढे केले. खांदा अजून बोलत होता, पण आता ओरडत नव्हता. आठ किलो हळूहळू माझ्या हातांवर आले. भोपळूनं आधी माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, पुन्हा ओरडते की काय म्हणून. मी तिच्या ओल्या नाकाला नाक लावलं. मग तिनं तोंड उघडलं आणि अशी घाईघाईनं लागली, की घोटांचा आवाज शेजारच्या खाटेपर्यंत गेला असेल.

“मला नाही सुचलं बघ,” सासूबाई तळवे कुरवाळत म्हणाल्या. “मला वाटायचं, मी तुझं कौतुक करतेय.”

“मलाही तसंच वाटायचं,” मी म्हणाले. राग गेला नव्हता. आवाजात होताच, त्यांनाही तो ऐकू आला असणार. तरी त्यांनी भोपळूचे पाय सोडले नाहीत. टेबलाशी लहान डॉक्टर मान खाली घालून कागदांवर एकेक मोठा चौकोन आखत होता, पट्टी न घेता, वाकडेतिकडे. पलीकडे काकूंची बाटली सुरू झाली होती.

एक बाजू रिकामी झाली तशी भोपळू कुरकुरली. मी उशी सरकवली, दम घेतला आणि तिला उजवीकडे घेतलं.